गुत्ता, परमिट रूम आणि पब

दारूच्या बाबतीत आपली मराठी भाषा फार सावध आहे. दुसरा माणूस ‘पितो’, आपला माणूस ‘घेतो’, आणि मित्रमंडळी जमली की ती नुसती ‘बसतात’. ‘आज बसायचे का?’ या प्रश्नात पेल्याचा उल्लेखही नसतो. तरी जळगावपासून धुळ्यापर्यंत कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मला या बसण्याविषयीच लिहायचे आहे. एम. ए. साठी मी २०१८-१९ हे वर्ष इंग्लंडात, बर्मिंगहॅम शहरी काढले. त्या वर्षात मी पुष्कळदा बसलो, मनापासून बसलो, आणि त्या संध्याकाळी फार सुखाच्या होत्या. हे वाक्य वाचून आपल्या महाविद्यालयातील काही ज्येष्ठ प्राध्यापक भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी मला शिकविले आहे, आणि आता तासिका तत्त्वावर का होईना, मी त्यांच्याच शिक्षक-कक्षात बसतो. (हे बसणे मात्र कोशातल्या अर्थाने घ्यावे.) त्यांनी लेख पुरा वाचावा, एवढीच विनंती.

पब हा शब्द ‘पब्लिक हाउस’ याचे लघुरूप आहे, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. सार्वजनिक घर. जिथे ज्याला वाटेल त्याने यावे, असे घर. मी पहिल्यांदा गेलो तो मनात हिंदी सिनेमातला अड्डा घेऊन. दार उघडले तर आत लख्ख उजेड, शेगडीजवळ झोपलेला एक कुत्रा, कोपऱ्यात शब्दकोडे सोडवणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि शेजारच्या टेबलावर आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या बटाट्याच्या तळलेल्या कापांवर ताव मारीत बसलेल्या. आजीपुढे काळ्याभोर स्टाउटचा अर्धा पेला होता आणि तो तिला तासभर पुरला. माझी आई यावलच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलातही कधी बसलेली नाही. मला त्या बियरपेक्षा त्या आजीचेच नवल अधिक वाटले.

आमचा सहाजणांचा गट होता. पोलंडची एक मुलगी, नायजेरियाचा एक, केरळचा एक, खुद्द बर्मिंगहॅमचे दोघे, आणि मी. दर मंगळवारी जायचे, असे ठरून गेले होते. बियरची चव घेणे हा प्रकार मला त्या बर्मिंगहॅमच्या मुलीने शिकविला. तिकडच्या जुन्या पद्धतीच्या एल बियरचे पिंप तळघरात असते, त्यातले आंबणे पुरते थांबलेले नसते, आणि हाताच्या दांड्याने उपसून ती पेल्यात आणतात. ती बर्फासारखी गार नसते. तळघराइतकी, म्हणजे साधारण बारा अंश. कारखान्यातल्या निर्जीव, वायू भरलेल्या बियरपुढे ही जात नष्ट होईल म्हणून १९७१ साली काही ग्राहकांनी ‘कॅम्रा’ नावाची संघटना काढली आणि चळवळ करून ती वाचविली. बियर वाचविण्यासाठी चळवळ! मला आधी हसू आले. पण आपल्याकडे वांग्याच्या जुन्या वाणासाठी कोणी चळवळ केली तर मी हसेन काय? हसणार नाही.

चव घेण्यासाठी तिकडे पाइंटचा तिसरा हिस्सा मिळतो. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, तेव्हा हा हिस्सा सुमारे १९०. लाकडी फळीवर असे तीन छोटे पेले ओळीने ठेवून देतात. पहिल्यांदा रंग बघायचा, मग वास, मग घोट. एकीत भाजलेल्या बार्लीचा, म्हणजे जवाचा, वास यायचा, तो मला पावसाळ्यात घरी भाजलेल्या कणसाच्या जवळचा वाटला. दुसरीत हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा, कारल्याच्या भाजीसारखा, आधी नको वाटणारा आणि नंतर हवासा होणारा. त्या भागातली ‘माइल्ड’ नावाची काळसर बियर ओतशाळांतल्या भट्टीपुढे घामाघूम झालेल्या कामगारांची. साडेतीन टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, तहान भागावी आणि शुद्ध राहावी असा हिशेब. ‘इंडिया पेल एल’ हे नाव पाहून तर माझा देशाभिमान जागा झाला होता. पण चौकशीअंती कळले की तिचा इंडिया म्हणजे इंडियातले गोरे साहेब. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स अधिक घालीत. १८२५ साली धरणगावी भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रामसाहेबाच्या तंबूतही तिच्या बाटल्या पोचल्या असतील काय, असा विचार मी तिथे बसून केल्याचे आठवते.

मंगळवारी तिथे प्रश्नमंजूषा असे. एकदा विचारले, जगात सर्वांत जास्त केळी कोणत्या देशात पिकतात? बाकीचे इक्वेडोर की ब्राझील यावर भांडत होते. मी म्हणालो, भारत. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मी रावेर-यावलच्या केळीबागा, घड, वॅगन, सगळे भाषण उभ्या उभ्या ठोकले. उत्तर बरोबर निघाले. त्या रात्री केळीच्या भावाविषयी इतक्या आस्थेने ऐकणारी माणसे मला मिळाली, तितकी आमच्या गावच्या सोसायटीतही मिळत नाहीत.

पण मला खरोखर विचारात पाडले ते आमच्या गटातल्या सहाव्याने. तो बर्मिंगहॅमचाच, त्याचे आजोबा मीरपूरहून गेलेले. तो मुसलमान होता, नियमाने नमाज पढे, आणि दारूला शिवत नसे. तरी दर मंगळवारी आमच्यापेक्षा आधी येऊन टेबल धरून ठेवी. तो लिंबाचे सरबत आणि सोडा घेई आणि रात्री अकराला घंटा होईपर्यंत बसे. वर्षभरात त्याला एकदाही कोणी ‘अरे घे ना, एकानं काय होतं’ असे म्हटले नाही. पेले आणायची पाळी आली की तो आमच्यासाठी बियर आणी आणि आम्ही त्याच्यासाठी सरबत. वाचकहो, आपल्याकडच्या एखाद्या बैठकीत न पिणाऱ्याची काय अवस्था होते ती आठवा. त्याच्या पुरुषत्वापासून त्याच्या बायकोच्या धाकापर्यंत सगळ्याचा उद्धार होतो. मग तो तरी येणे सोडतो, नाहीतर घेऊ लागतो. न पिणारा जिथे सुखाने बसू शकतो, तिथे पिणे हे जमण्याचे निमित्त असते. जिथे तो बसू शकत नाही, तिथे जमणे हे पिण्याचे निमित्त असते.

आता आपल्याकडची नावे पाहा. ‘गुत्ता’ हा शब्द मुळात दारूचा नाहीच. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सरकारला पैसे मोजून ज्याने विकण्याचा मक्ता घेतला, त्याचे ते दुकान. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर ही व्यवस्था अधिकच आवळली गेली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांतून मोहाची फुले गोळा होत, दारू घरीच निघे, पहिली धार देवाला आणि पूर्वजांना जमिनीवर सांडली जाई, मग बाया-पुरुष मिळून घेत. ती घरची वस्तू गुन्हा ठरली आणि तिच्या जागी मक्तेदाराचे दुकान आले, रोख पैसे आले, उधारी आली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्या पहिल्या काळात डॉक्टरच्या दाखल्यावर, प्रकृतीसाठी म्हणून, परवाने मिळत. मुंबईत एकाएकी किती लोकांची प्रकृती नाजूक झाली असेल, देव जाणे. बंदी सैल झाली, पण कायदा राहिला, परवानाही राहिला, आणि त्याच्यावरून ‘परमिट रूम’ हे नाव रूढ झाले. इंग्रजांनी आपल्या जागेला लोकांचे नाव दिले. आपल्या जागांना एक मक्त्याचे आणि दुसरे परवान्याचे नाव आहे. बसणाऱ्या माणसाचे नाव कशालाच नाही.

आणि ती जागाही नावासारखीच. दाराला जाड पडदा किंवा काळी काच. आत शिरताना माणूस आधी मागे वळून बघतो. धुळ्यात असो वा जळगावात, दिव्यांचा उजेड इतका मंद की समोरच्याचा चेहरा ओळखू येऊ नये. किंबहुना त्यासाठीच मंद. देशी दारूच्या सरकारमान्य दुकानात तर बसणेही नाही. लोक उभ्याउभ्याच ग्लास घशात ओततात आणि तोंड पुसत बाहेर पडतात. आपल्याकडे खपणारी बहुतेक बियरदेखील ‘स्ट्राँग’ असते, ते उगीच नव्हे. वेळ थोडा आणि जागा चोरटी असली की माणूस चव विकत घेत नाही, परिणाम विकत घेतो.

माझे थोरले मामा रावेर तालुक्यातले. केळीच्या गाड्या भरून देण्याचे काम करीत. मोठे हौशी, गोष्टीवेल्हाळ माणूस. ते रोज संध्याकाळी मळ्यातल्या खोलीवर जात. घरात ‘दारू’ हा शब्द मी कधीही ऐकला नाही. ‘दादा मळ्यात गेलेत’ असे मामी सांगे. पुढे पुढे ‘दादांची तब्येत बरी नाही’ असे सांगू लागली. आजोबांसमोर त्यांनी आयुष्यात सिगारेटही ओढली नाही, याचे घरात कौतुक होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन ते गेले. ते किती घेत होते, हे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते मोजायला समोर कोणी बसलेलेच नव्हते. बर्मिंगहॅममध्ये तिसऱ्या पाइंटला हात घातला की ती पोलंडची मुलगी माझ्याकडे नुसते बघे, आणि मी लिंबू-सोडा मागवी. (साडेतीन पौंडांच्या आसपासचा एक पाइंट, म्हणजे तीनशेहून अधिक रुपये, हेही एक कारण होते, ते लपवीत नाही.) अशा वेळी मला मामांची आठवण येई.

आता कोणी म्हणेल, की हा विलायतेतून आला आणि तिकडचे गोडवे गाऊ लागला. तसे नाही. शुक्रवारी रात्री बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर मी गटारीच्या कडेला ओकणारी, चपला हातात घेऊन रडणारी मुले-मुली पाहिली आहेत. ते दृश्य आपल्या शिमग्याहून बरे नव्हते. शिवाय ते सार्वजनिक घर जन्मतः सर्वांचे नव्हतेच. बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथिक नावाचे गाव आहे. १९६० च्या सुमारास तिथल्या ओतशाळांत पंजाबी कामगार राबत होते, पण कित्येक पबांच्या चांगल्या खोलीत त्यांना पेला मिळत नसे. काळ्यांनी बाहेरच्या खोलीत प्यावे, असा रिवाज. तिथल्या भारतीय कामगार संघटनेने हा प्रश्न धसाला लावला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतले मॅल्कम एक्स तिथे आले. त्यांनाही तोच अनुभव आला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा ब्रिटिश संसदेने केला आणि असा मज्जाव बेकायदा ठरला. आज त्या पट्ट्यातले कित्येक पब पंजाबी माणसेच चालवितात. सळईवर भाजलेल्या कोंबडीच्या वासाने रस्ता दरवळतो आणि गोरे म्हातारे रांगेत उभे असतात. आम्ही सहाजण एकदा मुद्दाम तिथे गेलो होतो. बायकांची गोष्टही अशीच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल् व्हिनो नावाच्या मद्यगृहात बायकांना काउंटरशी उभे राहून पेला मागता येत नसे, त्यांनी मागच्या खोलीत बसावे. दोघी बायका न्यायालयात गेल्या, आणि १९८२ साली तो नियम मोडला. म्हणजे ती शेगडीजवळची आजी तिथे आयती येऊन बसलेली नव्हती. कोणीतरी भांडले होते.

आणि आपल्याकडच्या बाया भांडल्या नाहीत काय? शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता (नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली). १९७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत जमीन आणि मजुरी यांचे प्रश्न पुढे आले, तेव्हा भिल्ल बायांनी स्वतःहून दारूचा प्रश्न हाती घेतला. गावोगाव जथ्याने जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना भर चौकात जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात ते पान मोठे आहे. २००८ च्या आदेशानुसार आज गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दुकान बंद होते. मी त्या मडकी फोडणाऱ्या बायांच्या बाजूचा आहे. मामीच्या संसाराकडे पाहिलेल्या माणसाला दुसरी बाजू घेता येत नाही.

मग मंगळवारच्या संध्याकाळचे काय करायचे? मला वाटते, शहाद्याच्या बाया आणि बर्मिंगहॅमची आजी या एकाच बाजूच्या आहेत. दोघींनाही त्या खोलीचा पडदा नको आहे. शहाद्याच्या बायांनी ज्या मडक्यावर काठी घातली, त्यातली दारू त्यांना विचारून, त्यांच्यासमोर, त्यांच्यासह प्यायली जात नव्हती. ती पैसे नेत होती आणि मार परत आणीत होती. तो मार संपल्याखेरीज पबच्या गप्पा कोणी बाईसमोर करू नयेत, हे मला मान्य आहे. पण दुकान बंद झाले की माणसाची बसण्याची गरज बंद होत नाही, एवढे तरी आपण मान्य करू या. ती मळ्यात जाते, हायवेवरच्या ढाब्यामागे जाते, नवापूरच्या हद्दीवर जाते, जिथले रेल्वे स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे आणि दारूबंदी एकाच फलाटावर सुरू होऊन संपते.

जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने १९४६ साली आपल्या मनातल्या आदर्श पबवर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यात तो बियरपेक्षा इतर गोष्टींविषयीच अधिक बोलतो: बोलणे ऐकू यावे इतकी शांतता, नावाने ओळखणाऱ्या बाया, मागच्या बाजूला मुलांना खेळायला बाग. पुण्या-मुंबईत ‘पब’ म्हणून जे निघाले आहेत, तिथे संगीत इतके मोठे असते की शेजाऱ्याशी खुणांनी बोलावे लागते. त्यांनी ते नाव का घेतले, कळत नाही. मला तसला पब धुळ्यात नको आहे. मला ते घर हवे आहे. पांझरेच्या काठी किंवा जळगावच्या काव्यरत्नावली चौकात संध्याकाळी पोरे जमतात, पण रात्री आठनंतर तिथे मुली किती दिसतात? वीस वर्षांच्या मुलाला आणि मुलीला, त्यांच्या सरांना आणि सरांच्या आईला, एका छपराखाली, उजेडात, दहापर्यंत बसता येईल अशी एक तरी जागा आपल्या दोन जिल्ह्यांत दाखवा. तिथे चहा मिळाला तरी चालेल. आपल्या बहुतेक वाचकांचे वय तसेही चहाचेच आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे बियरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षे लागतात.

तशी एक जागा आपल्याकडे आहे म्हणा, पण ती हिवाळ्यापुरती. भरीत पार्टी. चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे मळ्यामळ्यांतून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, मिरच्या आणि कांद्याची पात घालून ठेचली जातात, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर शंभर माणूस जेवून उठतो. बाया, पोरे, म्हातारे, गडी, सगळे एका पंगतीला. त्या धुराला, त्या गप्पांना जगात तोड नाही. बर्मिंगहॅमच्या शेगडीलाही नव्हती. पण जेवणाच्या आधी तासभर पंगतीतले आठ-दहा पुरुष मोटारीच्या खोलीमागे नाहीसे होतात, आणि परत येतात ते मोठमोठ्याने हसत. सगळ्यांना कळते. कोणी बोलत नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी काकांच्या मळ्यात जेवण्याआधी सरळ म्हणालो, की ज्यांना घ्यायची आहे त्यांनी इथेच, शेकोटीशी, सगळ्यांसमोर बसून घ्यावी; ज्यांना नको त्यांच्यासाठी ताक आहे. क्षणभर कोणी काही बोलेना. एक चुलते उठून गेले. दुसरे मला म्हणाले, ‘शिकून हेच आणलंस का?’ माझी आई पुऱ्या लाटीत होती, तिने मान वर केली नाही. चुलत वहिनी मात्र चुलीपुढून म्हणाली, ‘अठीच बसू द्या ना. मोजता तं यीन.’

त्या रात्री मोटारीच्या खोलीमागे कोणी गेले नाही. दोघेजण जेवण अर्धे टाकून मोटरसायकलवरून हायवेकडे निघून गेले. बाकीचे साडेदहापर्यंत शेकोटीशी बसून केळीच्या भावावर भांडत होते, आणि मामी, जी अशा कार्यक्रमांना बरीच वर्षे येत नव्हती, शेवटपर्यंत थांबली.